उष्णोदकस्नान आणि लज्जा



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा एका स्नेह्यांनी मला अडविले. म्हणाले, "अहो, सभेला मंडळी कुटुंबासह येतात. नागव्याने स्नान करण्याच्या चालीवर आपण बोलणार तरी काय?" मी म्हटले, "लज्जेविषयी बोलणार आहे." लज्जेविषयी कुटुंबासह बोलण्यास कोणाची हरकत नसावी.

गरम पाण्याचे झरे आपणांस नवे नाहीत. वज्रेश्वरी, गणेशपुरी, राजापूरजवळचे उन्हाळे ही नावे आपल्या तोंडची आहेत. तेथे पुरुष पंचा नेसून आणि बायका लुगड्यानिशी पाण्यात उतरतात. नग्न होऊन स्नान करू नये असे मनुस्मृती सांगते. भागवतात गोपींची वस्त्रे घेऊन कदंबावर बसलेला श्रीकृष्णही त्यांना हेच म्हणतो की, व्रतस्थ असताना विवस्त्र पाण्यात उतरलात, हा देवाचा अपराध झाला. पाणी हे दैवत. त्याच्यापुढे वस्त्रानिशी जावे, ही आपली समजूत.

ही समजूत गाठीशी बांधून मी जपानातील एका डोंगराळ गावी गेलो. तेथे उन्हाळ्याला ओन्सेन म्हणतात. १९४८ साली त्यांनी त्याचा कायदाही केला. उगमापाशी पाणी निदान २५ अंश सेंटिग्रेड ऊन असावे, किंवा नेमून दिलेल्या १९ गोष्टींपैकी एक तरी ठरल्या प्रमाणात त्यात असावी, म्हणजे ते ओन्सेन. मी कपडे काढले, त्यांनी दिलेला वीतभर रुंदीचा पंचा कसाबसा कमरेला गुंडाळला आणि मोठ्या सभ्यपणाने पाण्यात पाय घातला. समोर एक वृद्ध गृहस्थ गळ्यापर्यंत पाण्यात बसले होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त आपल्या डोक्याकडे बोट दाखविले. डोक्यावर त्यांच्या पंचाची नीट घडी होती! मग माझ्या ध्यानात आले की, त्या ठिकाणी असभ्य काय ते माझे वस्त्रच होते.

तेथला शिष्टाचार असा. आधी बुटक्या स्टुलावर बसून सर्वांग साबणाने घासावयाचे, फेस एक थेंब न ठेवता धुवून काढावयाचा आणि मगच कुंडात शिरावयाचे. कुंड मळ काढण्यासाठी नसते. निवांत बसण्यासाठी असते. त्यातले पाणी साऱ्यांचे, म्हणून कापड, साबण, मोकळे केस यांपैकी काही त्यात पडता कामा नये. पोहावयाचेही नाही. सोसेकीच्या १९०६ सालच्या 'बोच्चान' कादंबरीतील मास्तर कुंडात पोहतात, तेव्हा मनाई करणारी पाटी तेथे लटकते! आणि सर्वांत मोठा नियम कोठेच लिहिलेला नसतो: दुसऱ्याच्या अंगाकडे पाहावयाचे नाही.

आता गंमत पाहा. आपण पाण्याचा मान राखण्यासाठी वस्त्र नेसतो. ते पाण्याचा मान राखण्यासाठी वस्त्र काढतात. आचार उलटे, आदर एकच. लज्जा त्यांनाही आहे. ती त्यांनी कापडातून काढून डोळ्यांत ठेवली आहे.

परंतु डोळ्यांवर उभी असलेली चाल डोळे बिघडले की ढासळते. पूर्वी तेथे पुष्कळ ठिकाणी स्त्रीपुरुष एकत्र स्नान करीत. येदो शहरात १७९१ साली बंदी झाली होती, पण चाल मोडली नाही. १८५४ साली पेरीचा अमेरिकन काफिला शिमोदा बंदरात आला. त्या पाहुण्यांनी स्नानगृहात डोकावून पाहिले आणि नाके मुरडली. मेजी सरकारला परक्यांच्या नजरेची लाज वाटू लागली आणि टोकियोत १८७२ च्या पोलीस नियमांत एकत्र स्नान दंडास पात्र ठरले. ज्यांना त्यात काही वावगे दिसत नव्हते, त्यांना ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागले. तरीही आओमोरीतील सुकायूसारख्या काही ठिकाणी ही रीत तगून राहिली. तेथे धोका घरच्याच माणसांचा. बाया येण्याची वाट पाहत पाण्यात तासन् तास दबा धरून बसणाऱ्या पुरुषांना जपानी लोक 'मगर' म्हणतात. कायद्याने जे झाले नाही ते अशा मगरींनी केले: बायका येईनाशा झाल्या.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. होक्काइदोतील ओतारू बंदरी रशियन खलाशांनी स्नानगृहातील रीत पाळली नाही, म्हणून एका मालकाने दारावर पाटी लावली: फक्त जपानी लोकांसाठी. १९९९ साली काही परदेशी रहिवाशांना तेथून परत पाठविण्यात आले. त्यांपैकी एकाने पुढे जपानी नागरिकत्व घेतले, तरी गोऱ्या चेहऱ्यामुळे दार उघडेना. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००२ साली साप्पोरोच्या न्यायालयाने हा भेदभाव बेकायदेशीर ठरवून तिघांना प्रत्येकी दहा लाख येन भरपाई देवविली.

मला हा निवाडा योग्य वाटतो. नियम मोडणाऱ्याला बाहेर काढण्याचा हक्क मालकाला आहे. चेहरा पाहून नियम मोडणारा ठरविण्याचा नाही. जेथे अंगाकडे पाहू नये हा पहिला धर्म, तेथे दारातच कातडीकडे पाहणे हे तर त्या धर्माशीच वैर. आणि पाणवठ्यावर माणसाची जात पाहिल्याचे पाप आपल्याही पदरी आहे. महाडचे चवदार तळे आणि १९२७ साल आपण विसरलो नसू, तर ओतारूच्या मालकाला हसण्यापूर्वी जरा थांबू.

परंतु प्रवाशानेही आपले देणे द्यावे. नागव्याने बसणे जमत नसेल तर खुशाल बाहेर बसावे. त्यात कमीपणा नाही. आत जावयाचे असेल तर अंग धुवून जावे, वस्त्र आणि कुतूहल दोन्ही बाहेर ठेवावे. तीन खलाशी चुकले की तीनशे प्रवाशांचे दार बंद होते, हे ध्यानी असावे.

ते वृद्ध गृहस्थ निघताना मला वाकून नमस्कार करून गेले. त्यांच्या अंगावर सूतही नव्हते, आणि त्यांच्याइतका सभ्य पोशाखातला माणूस मी त्या प्रवासात दुसरा पाहिला नाही.