व्हिसामागचं सरकार

(युवा अभ्यास शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मित्रमैत्रिणींनो, आपल्या घरांत परदेशी नोकरीचा विषय निघाला की एक शब्द हमखास येतो : नशीब. ‘त्याचं दाणापाणी तिकडे होतं,’ असं आपण म्हणतो. रोजी देणारा अल्लाह आहे, ही श्रद्धा माझीही आहे. पण व्हिसा देणारं सरकार असतं. कुठल्या देशातले किती मजूर घ्यायचे, किती वर्षांसाठी आणि कोणाच्या जागी, हे कचेऱ्यांमध्ये ठरतं. युद्ध पेटलं की ते झपाट्याने ठरतं. म्हणून परदेशी नोकरीचा फॉर्म भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. ही जागा रिकामी कशी झाली? आणि तिथे मला काही झालं तर जबाबदार कोण?

सुरुवात आपल्याच इतिहासापासून करू. इंग्रजांच्या काळात आपले लोक पाच वर्षांच्या करारावर फिजी, त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांत जात. त्याला गिरमिट म्हणत. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२ मध्ये ही पद्धत बंद करण्याचा ठराव कायदेमंडळात मांडला. तो सरकारी मतांनी पडला. मग मार्च १९१७ मध्ये त्याच सरकारने भारत संरक्षण कायद्याखाली मजुरांना बाहेर नेणं थांबवलं. लोकांचा दबाव होताच, पण पहिलं महायुद्ध चालू होतं आणि सरकारला माणसं स्वतःसाठी हवी होती. त्याच वर्षी हजारो भारतीय मजुरांच्या तुकड्या फ्रान्सला गेल्या. तुरुंगातल्या कैद्यांना शिक्षामाफीचं आमिष दाखवून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कामाला नेलं. मजूर तोच होता. त्याला मळ्यात पाठवायचं की रणांगणामागे, हे सरकारच्या गरजेने ठरलं.

आता आखाताकडे येऊ. खेड, चिपळूण, महाड, म्हसळ्याकडच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामं निघाली आणि कोकणातली गावं दुबई, कुवेत, सौदीशी जोडली गेली. आपल्या सरकारने १९८३ मध्ये उत्प्रवास कायदा केला. आज दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा येतो. त्यांना ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जायचं तर आधी सरकारी मंजुरी लागते. पुष्कळांना ही कटकट वाटते. पण याच कटकटीत नोंदणीकृत एजंट, तपासलेला करार आणि १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा येतो, हे लक्षात ठेवा.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. तिथे तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीय होते. आपल्या सरकारने जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानं लावली आणि एक लाखाहून जास्त माणसं परत आणली. ही कामगिरी आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवी. पण त्याच युद्धाची दुसरी बाजू आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही.

येमेनच्या सरकारने त्या युद्धात सौदीच्या मनासारखी भूमिका घेतली नाही. सौदीने येमेनी कामगारांच्या सवलती एका फटक्यात काढून घेतल्या. सात-आठ लाख येमेनी काही महिन्यांत घरी परतले. कुवेतमध्ये चार लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी राहत होते. त्यांच्या नेतृत्वाने सद्दामची बाजू घेतली म्हणून युद्धानंतर त्यांतल्या बहुतेकांना देश सोडावा लागला. त्यांत शिक्षक होते, इंजिनिअर होते, तिथेच जन्मलेली मुलं होती. पुढच्या वर्षांत आखातातला कामगार अधिकाधिक भारत, पाकिस्तान, बांगलादेश, फिलिपिन्समधून येऊ लागला. भाषेचं आणि धर्माचं नातं असलेले अरब शेजारी सरकारी धोरणापुढे एका हंगामात परके झाले. उम्मा, भाईचारा हे शब्द त्या वेळी त्यांचा व्हिसा वाचवू शकले नाहीत.

हाच प्रकार आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा घडला आहे. ७ ऑक्टोबर २०२३ आधी वेस्ट बँकेतले एक लाखाहून जास्त आणि गाझातले सुमारे १८ हजार पॅलेस्टिनी परवाना घेऊन इस्रायलमध्ये काम करत. बरेचसे बांधकामावर होते. हल्ल्यानंतर इस्रायलने त्यांना दारं बंद केली. गाझावर बॉम्ब पडत होते, वेस्ट बँकेतल्या घरांत पगार थांबला आणि इस्रायलमधल्या इमारती अर्ध्यावर राहिल्या. भारतातून ४२ हजार कामगार नेण्याची बोलणी मे २०२३ मध्ये, युद्धाच्या आधीच, झाली होती. त्यांतले ३४ हजार बांधकामासाठी होते. युद्धाने त्या योजनेला घाई आली. हरियाणा आणि उत्तर प्रदेशात सरकारी यंत्रणेमार्फत भरती झाली. महिन्याला सुमारे १ लाख ३७ हजार रुपये पगार सांगितला गेला. सप्टेंबर २०२४ च्या फेरीसाठी महाराष्ट्र निवडला गेला. देशातल्या प्रमुख कामगार संघटनांनी विरोध केला, तरी रांगा लागल्या.

त्या रांगेतल्या गवंड्याला मी दोष देणार नाही. त्याच्या गावात काम असतं तर तो रॉकेट पडतात तिथे गेला नसता. बेरोजगारी हीसुद्धा धोरणांतूनच येते. माझा सवाल सरकारला आहे. इस्रायल त्या १८ देशांच्या यादीत नाही. म्हणजे शांत देशात जाणाऱ्या सुताराला सरकारी मंजुरी लागते आणि युद्धात उतरलेल्या देशात जाणाऱ्याला लागत नाही. रशियाही त्या यादीत नाही. तिथे ‘मदतनीसा’चं काम म्हणून गेलेली काही मुलं थेट युक्रेनच्या आघाडीवर पोहोचली. रशियन सैन्यात १२६ भारतीय गेल्याची आणि त्यांतले १२ मारले गेल्याची माहिती जानेवारी २०२५ मध्ये खुद्द परराष्ट्र मंत्रालयाने दिली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी चूक पुन्हा पुन्हा होऊ लागली की माणूस बदलून भागत नाही, रचना तपासावी लागते. इथेही तेच आहे. यादी जुन्या जगाची आहे आणि धोका नव्या ठिकाणी आहे. या यादीचा फेरविचार करा, युद्धग्रस्त देशात सरकारच्या सहीने माणूस जात असेल तर त्याच्या विम्याची आणि परतीची हमी करारात लिहा, एवढी मागणी आपण खासदारांकडे करू शकतो.

केरळकडे बघा. त्यांनी १९९६ मध्ये परदेशस्थ केरळीयांसाठी स्वतंत्र खातं काढलं. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने १९९८ पासून स्थलांतराची पाहणी सुरू केली. कोणत्या जिल्ह्यातून किती गेले, किती परतले, हे तिथे मोजलं जातं. जे मोजलेलं नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद मागता येत नाही. आपल्याकडेही तशी मोजणी हवी आणि सुरुवात आपण करू शकतो. इथून गेल्यावर प्रत्येकाने आपल्या गावातल्या, मोहल्ल्यातल्या बाहेरगावी असलेल्यांची यादी करा : कोण कुठल्या देशात, कोणत्या एजंटकडून, करार हातात आहे की नाही. ई-मायग्रेट पोर्टलवर त्या एजंटची नोंदणी तपासा. नाव, पत्ते जपून ठेवा, कुणालाही वाटू नका. पुढच्या बैठकीत आकडे एकत्र करू आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन नेऊ.

जायचं असेल त्याने जरूर जावं. आपल्या जाण्याचे नियम ठरतात तिथे मात्र आपला आवाज पोहोचला पाहिजे.