गर्भातील दारू आणि मुलाचा हक्क

(मंचर येथे बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



मी वकील आहे, वैद्य नव्हे. असे असता आज एका व्याधीविषयी बोलणार आहे, कारण ती माझ्याकडे दवाखान्यातून नव्हे, पोलीस ठाण्यातून आली. आपल्याच तालुक्यातील एक आजी चौदा वर्षांच्या नातवाला घेऊन आली. एका दुकानातील पैसे गेले होते आणि "तूच घेतलेस ना?" या प्रश्नाला मुलगा "होय" म्हणाला होता. मी त्याला विचारले, "त्या दिवशी तू पुण्यास होतास ना?" त्यालाही तो "होय"च म्हणाला! आजी म्हणाली, "सायेब, ह्याला काय बी इचारा, हा हो म्हनतो. काल शिकवलेलं आज इसरतो."

पुढे डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा कळले की, हा मुलगा पोटात असता त्याची आई, जी आज हयात नाही, हातभट्टीची दारू पीत असे.

फ्रान्समधील नांत शहरी पॉल लेमवान यांनी 1968 साली अशा 127 मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. 1973 साली अमेरिकेतील सिएटल येथे केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी या व्याधीला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' हे नाव दिले. आईने घेतलेली दारू वारेतून थेट बाळाच्या रक्तात उतरते. मेंदूची घडण नऊही महिने चालू असते. म्हणून कोणताही महिना निर्धोक नाही आणि कोणतेही माप निर्धोक नाही, मग ती गावठी असो वा बिअर. काही मुलांचे डोळे आखूड, वरचा ओठ पातळ आणि नाकाखालची पन्हळ सपाट असते. डोके लहान, वजन कमी असते. पण कित्येकांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही. अशांनाच जग आळशी, खोटारडे आणि चोर ठरविते.

आता नाजूक गोष्ट. आपल्यापैकी कित्येकांची मुले दीक्षेपूर्वी जन्मली आहेत. आज विहारात पाचवे शील म्हणणारी आई तेव्हाची गोष्ट लाजेने सांगत नाही. भगिनींनो, डॉक्टरांना ती सांगा. त्यावाचून निदान अडते. आणि जो नवरा बाटली घरी आणीत होता, त्याने तरी तिच्याकडे बोट दाखवू नये.

ही व्याधी बरी होत नाही. मूल मात्र पुष्कळ सुधारते. एका वेळी एकच काम सांगा. "आवरून ये" असे न म्हणता "चप्पल घाल" म्हणा. तोंडाने सांगण्यापेक्षा करून दाखवा, आणि उद्या पुन्हा दाखवा. जेवण, झोप, शाळा यांची वेळ रोज तीच ठेवा. त्याचे बोलणे चुरचुरीत असते, म्हणून समजही तेवढीच आहे असे मानू नका. पैसा आणि वेळ यांचा हिशेब त्याला फार जड जातो. मारू नका. विसरणे हा हट्ट नव्हे, आणि माराने स्मृती येत नाही.

कायद्याचे सांगतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यांत या व्याधीचे नाव नाही, परंतु बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता आहेत. प्रमाणपत्र त्या सदराखाली मागावे. तपासणीचा आरंभ मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयातून करावा. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकालाही मूल दाखवावे. अक्षमता चाळीस टक्के वा अधिक ठरल्यास सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा त्याचा हक्क आहे. "हे मूल आम्हांस नको" असे सरकारी वा अनुदानित शाळेस म्हणता येत नाही. म्हटलेच, तर ते लेखी मागा. बहुधा तेथेच सूर बदलतो.

पोलिसांनी मूल नेले तर तत्काळ जा. अठरा वर्षांखालील मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब त्याच्याविरुद्ध पुरावा होत नाही. आमच्या मुलाच्या बाबतीत त्याच्या "होय"खेरीज कोणापाशी काहीच नव्हते. तो सुटला.

सुटला त्या दिवशी आजीने विचारले, "माझ्या माघारी ह्याचं काय?" 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीला अठरा वर्षांनंतरही कायदेशीर पालक नेमता येतो, अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करावयाचा असतो. आजीने मुलाच्या आत्याचे नाव सुचविले आहे, आत्याने संमती दिली आहे. अर्ज माझ्याकडे तयार आहे. मुलाला अठरा पूर्ण व्हायला अजून चौदा महिने आहेत.