बॉण्डचे एक वर्ष आणि आपली गावे



अंबाजोगाई ही आद्यकवी मुकुंदराज आणि दासोपंतांची, योगेश्वरीची नगरी. स्वामी रामानंद तीर्थांनी येथे शिक्षक म्हणून काम केले. पुढे सत्तरच्या दशकात त्यांच्याच नावाने येथे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. डॉ. व्यंकटराव डावळे यांच्यासारख्यांनी ते जोपासले. खेड्यांच्या जवळ शिकलेला डॉक्टर खेड्यात रमेल, अशी तेव्हा आशा होती.

पण एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचे, म्हणजे बॉण्डचे, एक वर्ष टाळण्यासाठी 10 लाख रुपये भरायची तयारी ठेवणारी घरे मी पाहिली आहेत. यावरून मुलांमध्ये सेवाभाव उरला नाही, असे आपण म्हणून मोकळे होतो. मला हे मान्य नाही. इंटर्नशिप करणाऱ्या मुलामुलींशी जरा बसून बोला. रुग्णांच्या गर्दीची त्यांना धास्ती नसते. रात्री दोनला अडलेली बाळंतीण यावी, रक्त नाही, भूलतज्ज्ञ नाही, रेफर करावे तर रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली, फोन उचलणारा वरिष्ठ नाही. त्या एकटेपणाची धास्ती असते. मुलींच्या बाबतीत तर क्वार्टरच्या दाराची कडीसुद्धा प्रश्न होऊन बसते. शिवाय डोक्यावर नीट-पीजीचा अभ्यास आहेच.

आणि तरीही आमच्या बीड जिल्ह्याला तुम्हा तरुण डॉक्टरांची गरज किती आहे, ते सांगतो. दिवाळीच्या सुमारास येथून ऊसतोड जोडप्यांचे कोयते निघतात. गरोदर बाईची पहिली तपासणी धारूरला, प्रसूती सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या फडावरच्या कोपीत. लसीकरणाचे कार्ड पेटीच्या तळाशी. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील 13 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. पुष्कळींची मूळ तक्रार अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे एवढीच होती. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरने शांतपणे ऐकून घेतले असते, औषध दिले असते, पुन्हा बोलावले असते, तर यातल्या कितीतरी बायकांची शस्त्रक्रिया टळली असती. पुस्तकातले स्त्रीरोगशास्त्र आणि ऊसतोडीच्या मुकादमाने दिलेली आगाऊ उचल यांचा संबंध कळायला दुसरी जागा कोठे मिळेल?

पण मागणे एकतर्फी नको. रुग्ण दगावला की केंद्रावर जमाव चालून जातो. त्याविरुद्ध 2010 चा कायदा आहे. मात्र तो दगड पडल्यावर कामी येतो. पडण्याआधी मध्ये उभे राहण्याचे काम गावातल्या शहाण्यासुरत्यांचे. क्वार्टरची दुरुस्ती, पाणी, रात्रीची सोबत हे ग्रामपंचायतीला सहज जमण्यासारखे आहे. निदान नव्या डॉक्टरला पहिल्या दिवशी कोणाच्या तरी घरी जेवायला बोलवावे!

परिषदेच्या दुपारच्या सत्राला आशाताई आणि आसपासच्या गावांचे सरपंच मुद्दाम बोलावले आहेत. विद्यार्थ्यांनो, संकोच करू नका. दाराची कडी कधी बसणार, रात्री हाक मारली तर कोण येणार, हे त्यांना नावानिशी विचारा.