गोधडीची नक्षी आणि मजुरीचा हिशेब

(महिला शिवणवर्गाच्या प्रमाणपत्र वाटप कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही शिवणकामाचा जाणकार नाही. कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. दिवसभर दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब करणे हे माझे काम. तेव्हा शिवणवर्गाच्या कार्यक्रमात मला का बोलावले, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. त्याचे उत्तर माझ्या घरात झालेल्या एका चुकीत आहे. ती आधी सांगतो.

माझी पत्नी घरी मशीनवर गोधड्या शिवते. काही वर्षांपूर्वी शेजारच्या एक ताई आपल्या दिवंगत आईची लुगडी घेऊन आल्या. त्यांना त्यांची गोधडी हवी होती. मोबाईलमध्ये एक चित्र होते, सगळीकडे वेलबुट्टी भरलेले. "अगदी अशीच करा," त्या म्हणाल्या. पत्नीने हो म्हटले. भाव विचारल्यावर संकोचाने चारशे रुपये सांगितले. तीन संध्याकाळी आणि एक अख्खा रविवार त्यात गेला. तीन सुया मोडल्या. गोधडी दिसायला सुरेख झाली. पण ताईंनी ती अंगावर घेतली आणि हळूच म्हणाल्या, "छान आहे हो, पण आईच्या लुगड्यासारखी मऊ नाही लागत."

त्या रात्री मी पहिल्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दोरा, गोटाचे कापड, सुया, वीज मिळून एकशे ऐंशी रुपये. उरले दोनशे वीस. काम झाले होते चौदा तास. म्हणजे तासाला सोळा रुपयेसुद्धा पडले नाहीत. मित्रहो, मला लाज वाटली ती पत्नीच्या हिशेबाची नाही, माझी. बँकेत एका रुपयाचा फरक आला तरी रात्री आठपर्यंत बसणारा मी, पण घरातल्या बाईचे तास मी कधी मोजलेच नव्हते.

या एका गोधडीत दोन चुका होत्या. नक्षी चुकली आणि किंमतही चुकली. आणि या दोन चुका वेगळ्या नाहीत, हे मला पुढे कळले.

आधी नक्षीचे बघू. गिऱ्हाईक चित्र दाखवते. आपण चित्राकडे न बघता तीन प्रश्न विचारावेत. ही कोण पांघरणार? ती धुणार कशी आणि किती वेळा? आत काय भरायचे आहे? तान्ह्या बाळाचे दुपटे असेल तर ते रोज धुतले जाणार. लांब सुटलेल्या दोऱ्यात बाळाचे बोट अडकेल अशी नक्षी तिथे नको. आत जुनी लुगडी असतील तर चार ते सहा इंचांवर शिवण पुरते, कारण कापडाचे थर जागचे हलत नाहीत. आत सुटा कापूस असेल तर चार इंचांपेक्षा जास्त अंतर ठेवू नये. नाहीतर दोन धुण्यांत कापसाचे गोळे होतात. आणि टाके जितके दाट, तितकी गोधडी ताठ. ताईंच्या गोधडीचे नेमके तेच झाले.

कापडही पाहावे. फुलाफुलांच्या छापील कापडावर बारीक नक्षी दिसतच नाही. तिथे वेलबुट्टी म्हणजे अंधारात रांगोळी. साध्या एकरंगी कापडावर मात्र प्रत्येक टाका दिसतो, चुकलेलासुद्धा.

सोप्या नक्ष्या मोजक्याच आहेत. सरळ रेघा. चौकट. चौकट तिरकी केली की शंकरपाळी. कडेपासून आतआत जाणारे चौकोन, जे आपल्या आज्या हाताने धावदोरा घालून करत आल्या. आणि मोकळी नागमोडी, जिच्यात मशीनचे दाते खाली करून कापड हाताने फिरवावे लागते. नवीन शिकणारीने पहिल्या दोनच घ्याव्यात. लुगड्याचे काठ असतील तर काठालाच धरून रेघ मारावी. खडूचे काम वाचते आणि आईचा काठही उठून दिसतो. थर नीट टाचावेत, शिवण मधून सुरू करून कडेकडे न्यावी, म्हणजे चुण्या पडत नाहीत. टाका नेहमीपेक्षा थोडा लांब ठेवावा. सुई सोळा नंबरची, थर जाड असतील तर अठराची घ्यावी.

आता हिशेब. विद्यार्थ्यांनी इथे लक्ष द्यावे, कारण हे शाळेतलेच गणित आहे.

पाच फूट रुंद, सात फूट लांब अशी गोधडी धरा. म्हणजे ३५ चौरस फूट. चार-चार इंचांवर उभ्या सरळ रेघा मारल्या तर १४ रेघा होतात, प्रत्येक सात फुटांची. एकूण शिवण ९८ फूट. याच अंतरावर चौकट केली तर आडव्या २० रेघा वाढतात, प्रत्येक पाच फुटांची. एकूण शिवण १९८ फूट, म्हणजे दुप्पट. गिऱ्हाईक म्हणते, "नुसत्या आडव्या रेघा तर मारायच्यात!" त्या 'नुसत्या' रेघा म्हणजे शंभर फूट शिवण आहे. वरचा आणि बॉबिनचा मिळून दोरा शिवणीच्या साधारण तिप्पट लागतो. म्हणजे सरळ रेघांना सुमारे ९० मीटर आणि चौकटीला सुमारे १८० मीटर. शंकरपाळीला चौकटीपेक्षा थोडी जास्तच शिवण लागते, शिवाय तिरपे कापड ताणले जाते, म्हणून जपून चालावे लागते आणि वेळ वाढतो.

वेळ अंदाजाने धरू नका. एक फूट चौरसाचा नमुना शिवा आणि घड्याळ लावून बघा. त्यात थर लावणे, टाचणे, रेघा आखणे, गोट लावणे, दोरे कापणे हे सगळे मिळवा. आमच्या घरी सरळ रेघांच्या गोधडीला पाच तास लागतात, चौकटीला सात. तासाचा दर समजा सत्तर रुपये धरला. सरळ रेघांची मजुरी ३५०, सामान १८०, मशीनचे तेल आणि झीज ३०. एकूण ५६० रुपये, म्हणजे चौरस फुटाला १६ रुपये. चौकटीची मजुरी ४९०, सामान २००, झीज ४०. एकूण ७३० रुपये, म्हणजे फुटाला जवळजवळ २१. नक्षी बदलली की दर बदलतो. असा तक्ता करून मशीनच्या वर चिकटवा. मग भाव सांगताना जीभ अडखळत नाही, कारण भाव तुम्ही नाही, तक्ता सांगतो.

सत्तर हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला. तुमच्या गावात दिवसाची मजुरी काय मिळते ते बघा, तिला आठाने भागा आणि त्याच्या खाली जाऊ नका. आठानेच का? १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ४८ तासांवर आला. कारखान्यातल्या माणसाचे तास कायद्याने मोजले. घरात मशीनपुढे बसलेल्या बाईचे तास कोण मोजणार? ते तिनेच मोजले पाहिजेत, आणि घरातल्या माणसांनी तिच्याबरोबर.

कोणी म्हणेल, गिऱ्हाईक गरीब असेल तर? आपल्याच वस्तीतले असेल तर? प्रश्न खरा आहे. माझे उत्तर एवढेच : किंमत उतरवायची असेल तर नक्षी उतरवा, मजुरी उतरवू नका. चौकटीऐवजी सरळ रेघा द्या, चार इंचांऐवजी लुगड्यांच्या गोधडीला सहा इंच ठेवा. गोधडी तितकीच ऊब देते, उलट जास्त मऊ होते. आणि नात्यातल्या कुणाला सवलत द्यायचीच असेल तर आधी पूर्ण रक्कम कागदावर लिहा, मग त्यातून वजा करा. म्हणजे घेणाऱ्याला कळते की काय मिळाले, आणि देणारीलाही कळते की आपण काय दिले. सामानाचे पैसे आगाऊ घ्या. त्यात संकोच नको. बँकसुद्धा तारण बघितल्याशिवाय हलत नाही!

त्या ताई दोन वर्षांनी पुन्हा आल्या. या वेळी वडिलांची धोतरे होती. पत्नीने तीन प्रश्न विचारले, तक्ता दाखवला आणि सहा-सहा इंचांवर सरळ रेघा सुचवल्या. ताईंनी घासाघीस केली नाही. गोधडी न्यायला आल्या तेव्हा ती गालाला लावून उभ्या राहिल्या, पैसे मोजून दिले आणि जाताना म्हणाल्या, "मागच्या वेळचे मी तुम्हाला फारच कमी दिले होते, नाही?" पत्नी काही बोलली नाही. पण त्या दिवशी तिने वहीत जमेच्या बाजूला रक्कम लिहिली आणि तिच्याखाली, पहिल्यांदाच, आपले तास लिहिले.

आज ज्या भगिनींना प्रमाणपत्र मिळाले त्यांनी उद्या एक वही घ्यावी. आणि विद्यार्थी मित्रहो, तुमची आई मशीनवर बसली की एकदा घड्याळ बघा आणि तिच्या वहीत तास लिहून द्या. एवढे गणित तुम्हाला नक्की येते.