भोपळ्याची आई, भोपळ्याचा बाप

मी चेन्नईहून, अड्यारमधून बोलतोय. फौजेतून निवृत्त झाल्यावर आम्ही इथेच राहिलो. आता गच्चीवर वेल लावतो. आज बोलायचंय ते भोपळ्याच्या आकाराबद्दल आणि माझ्या एका चुकीबद्दल.

आमच्याकडे तंजावरचा तंबोरा फणसाच्या लाकडाचा असतो. त्याची गोलाई कारागिराच्या पटाशीतून येते. आपल्या मिरजेच्या तंबोऱ्याचं तसं नाही. २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या या वाद्याचा तुंबा म्हणजे पंढरपूरकडच्या शेतात पिकलेला, वाळवलेला भोपळा. त्याचा घेर आणि मान वेलीवरच ठरते. कारागीर चांगला भोपळा निवडतो. गोलाई त्याला आयती मिळावी लागते. म्हणून शेतकऱ्याने राखलेलं बी हाच त्या वाद्याचा पहिला कच्चा माल.

गंमत अशी की हा तुंबा आणि भाजीचा दुधी, शास्त्राच्या हिशेबात वनस्पती एकच. एक गोल, एक लांब, पण एकाचा पराग दुसऱ्याला चालतो.

मला तुंब्याच्या बिया मिळाल्या, कडू वाणाच्या. त्या मी दुधीशेजारीच लावल्या. पहिल्या वर्षी दुधी लांब आणि गोड, तुंबा गोल. मी खूश! त्याच दुधीचं बी राखलं. दुसऱ्या वर्षी फळं आली ती बुडाशी फुगलेली, धड दुधी नाही, धड तुंबा नाही. बायकोने चिरताना सवयीने एक फोड जिभेला लावली आणि लगेच थुंकली. कडूजहर!

असं का झालं? फळाची साल आणि गर आईच्या वेलीचे असतात. बाप कुणीही असो, यंदाचं फळ आईवरच जातं. बापाचा वाटा असतो आतल्या बीमध्ये. तो दिसतो पुढच्या वर्षी. मी फळ बघून बी राखलं, बाप तपासलाच नाही.

परदेशात महाकाय भोपळे पिकवणारे इथे चुकत नाहीत. कॅनडातल्या हॉवर्ड डिल यांनी निवडीतून ‘अटलांटिक जायंट’ वाण तयार केलं. २०२३ साली कॅलिफोर्नियात एक भोपळा १,२४७ किलो भरला. ही मंडळी बीच्या पाकिटावर भोपळ्याचं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव आणि वर्ष लिहितात. वर आई कोण, बाप कोण तेही. एवढं करूनही निसर्ग आपला हात दाखवतोच: फळ मोठं झालं की स्वतःच्याच वजनाने चपटं होतं. बी आराखडा देतं, बाकी जमीन, पाणी आणि भार ठरवतात.

आता मी काय करतो? उद्या उमलणाऱ्या नर आणि मादी कळ्या आदल्या दिवशीच दोऱ्याने बांधतो. मादी कळीखाली इवलासा भोपळा असतो, तीच खूण. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं. तेव्हा नर फुलाचा पराग मादीला लावतो, कळी पुन्हा बांधतो, देठाला चिठ्ठी अडकवतो. बी फक्त त्याच फळाचं.

शेवटचं, आणि हे विसरू नका. दुधी चिरला की आधी कणभर चाखा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा फेकून द्या. शिजवून त्यातलं विष जात नाही, आणि कडू दुधीचा रस जिवावर बेतू शकतो. भाजी वाया गेली तर जाऊ दे.

जय हिंद.