रुग्णाच्या खाटेभोवती : आरोग्यसेवेतील सहशिक्षणाचा विचार



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शिकवण्याचे काम केले. म्हणून रोगांविषयी बोलण्यापेक्षा रोग्यांची सेवा करणाऱ्यांच्या शिक्षणाविषयी बोलावे, हे मला अधिक उचित वाटले. त्यातही मी एकच प्रश्न घेतला आहे. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ ही मंडळी पुढे जन्मभर एकाच रुग्णासाठी राबणार असतील, तर विद्यार्थिदशेत त्यांची एकमेकांशी गाठ का पडू नये?

हा प्रश्न आपल्या भागात आज विचारण्याला तातडीचे कारण आहे. आदिलाबादचे रिम्स 2008 साली सुरू झाले. त्यानंतर मंचेरियालला 2022 साली आणि निर्मल व आसिफाबाद येथे 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली. 2016 च्या विभाजनापूर्वीचा अखंड जिल्हा डोळ्यांसमोर आणला, तर त्यात आज अशी चार महाविद्यालये आहेत. इमारती उभ्या राहिल्या, जागा भरू लागल्या. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु नव्या संस्थेच्या सवयी पहिल्या काही वर्षांतच पडतात आणि एकदा पडल्या की त्या सुटता सुटत नाहीत. म्हणून हे बोलायचे तर आत्ताच.

उदाहरणासाठी सिकलसेल घेऊ. गोंडवनाच्या पट्ट्यात हा रक्तदोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याच्या निर्मूलनासाठी 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ झाला आणि 2047 हे लक्ष्यवर्ष ठरले. आता कल्पना करा, उटनूरकडील एखाद्या गुड्यातील नऊ वर्षांच्या मुलीचे रक्त तपासले गेले. पहिली चाचणी विद्राव्यतेची. ती साधी आणि स्वस्त आहे; पण मुलगी केवळ वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. तंत्रज्ञाला हे पाठ असते. तो कागदावर 'पॉझिटिव्ह' असे लिहितो. तो कागद ज्या परिचारिकेच्या हाती पडतो तिला हा भेद कोणी समजावला नसेल, तर ती आईला सांगते की मुलीला सिकलसेल झाला. वाहक असलेली, धडधाकट पोर त्या दिवसापासून गावाच्या नजरेत आजारी ठरते आणि पुढे तिच्या लग्नाची बोलणी निघतात तेव्हा तोच कागद आडवा येतो.

उलट, मुलगी खरोखरच रुग्ण असेल तर? डॉक्टर हायड्रॉक्सियुरिया लिहून देतात. या औषधावर असताना रक्तपेशींची मोजणी ठराविक अंतराने करावी लागते. ती तारीख कोण सांभाळणार? भरपूर पाणी पाजा, थंडीत जपा, ताप आला तर वाट पाहू नका, हे कोण आणि कोणत्या भाषेत सांगणार? आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. हे वाक्य वर्गात सोपे वाटते. घरात बसून, कोणालाही दोष न देता ते सांगणे फार अवघड आहे. या साखळीतील प्रत्येकाला आपापले काम येत असूनही मुलगी उपचाराविना राहू शकते. दोष असतो तो सांध्यात.

आणि सांधा शिकवण्याची जबाबदारी कोणाचीच नाही. परिचर्येचा कायदा 1947 चा, औषधनिर्माणाचा 1948 चा, वैद्यकीय परिषदेचा 1956 चा. पुढे 2019 साली वैद्यकासाठी, 2021 साली तंत्रज्ञ, भौतिकोपचारक इत्यादींसाठी आणि 2023 साली परिचर्येसाठी नवे कायदे झाले. कायदे बदलले, पण प्रत्येकाचे अंगण वेगळे ते वेगळेच राहिले. अभ्यासक्रम वेगळा, परीक्षा वेगळी, पुष्कळ ठिकाणी भोजनगृहसुद्धा वेगळे! मग कामाला लागल्यावर परिचारिकेला औषधाच्या मात्रेविषयी शंका आली, तरी ती गप्प राहते. आपण विचारले तर चालेल, असे तिला शिक्षणकाळात कोणी सांगितलेलेच नसते. आणि डॉक्टरलाही विचारून घेण्याची सवय नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने 1988 साली एकत्र शिकण्याविषयी अहवाल काढला आणि 2010 साली त्याची चौकट मांडली. तिचा आशय असा की, निरनिराळ्या व्यवसायांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसह शिकावे. यातले 'एकमेकांकडून' हे मला सर्वांत मोलाचे वाटते. दोनशे मुले एका सभागृहात बसवून एकच व्याख्यान ऐकवले, तर ते सहशिक्षण नव्हे. ती खुर्च्यांची काटकसर झाली. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाने 1986 पासून हा मार्ग धरला आणि 1996 साली एक कक्षच विद्यार्थ्यांच्या हाती दिला. भावी डॉक्टर, परिचारिका, भौतिकोपचारक वरिष्ठांच्या देखरेखीखाली तेथे मिळून रुग्ण सांभाळतात.

तथापि स्वीडनपर्यंत जाण्याचे कारण नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला काम सुरू केले. ज्या बायकांना अक्षरओळखही नव्हती, अशा अनेकींना त्यांनी ग्रामआरोग्यसेविका केले आणि डॉक्टर-परिचारिकांच्या बरोबरीने बसवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातील स्त्रियांना नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्यास, प्रसंगी इंजेक्शन देण्यासही शिकवले. 39 गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. इंजेक्शन ही डॉक्टरांचीच मिरास आहे, असे मानणाऱ्यांना तो धक्का होता. आणि सेवाग्राम तर आपल्याला पैनगंगा ओलांडली की जवळच. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली स्थापलेल्या तेथील वैद्यकीय महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तेथे मुक्काम करते आणि विद्यार्थ्यांकडे काही कुटुंबे सोपवली जातात.

कुटुंब दत्तक घेण्याची ही कल्पना 2022 पासून देशभरच्या एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमात आली आहे. परिचर्येच्या विद्यार्थिनीही त्यांच्या अभ्यासक्रमाप्रमाणे कुटुंबांच्या भेटी घेतच असतात. म्हणजे त्याच गावात सोमवारी एक वही येते आणि गुरुवारी दुसरी. घरधनीण बिचारी तीच उत्तरे पुन्हा देते, आणि दोन्ही वह्या आपापल्या महाविद्यालयात जाऊन पडतात. मला हे हास्यास्पद वाटते, पण आशादायकही वाटते. कारण नवा पैसा न मागता, नवा कायदा न करता या दोन वह्यांची एक वही करता येईल. एका कुटुंबामागे वैद्यकाचा एक, परिचर्येचा एक आणि जेथे असेल तेथे तंत्रज्ञ वा औषधनिर्माणाचा एक विद्यार्थी, नोंद एकच, आणि गुणही तिघांना एकत्रच. गुणांवाचून विद्यार्थी हलत नाहीत, हे येथे बसलेल्या शिक्षकांना मी सांगायला नको!

या तुकडीत आणखी एक माणूस हवा, आणि तो कोणत्याही विद्यापीठाच्या यादीत नाही. आपल्या भागात गोंडी, कोलामी, तेलुगू, मराठी, उर्दू अशा भाषा एका बाजारात ऐकू येतात. हैदराबादहून आलेला विद्यार्थी गुड्यात गेला की त्याची विद्या भाषेपाशी अडते. हायमेनडॉर्फ यांनी 1943 साली मारलवाईला गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र काढले, तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. गावाला शिकवायचे तर गावातलाच शिक्षक हवा, हे तेव्हा ओळखले गेले होते. आशा कार्यकर्ती ही आज तशी व्यक्ती आहे. तिला दुभाषी म्हणून रांगेच्या शेवटी उभे करू नये. पहिल्या भेटीत तिने शिकवावे आणि विद्यार्थ्यांनी ऐकावे.

समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण शासकीय सेवेत आहेत, काही दवाखान्यांत, काही औषधांच्या दुकानांत आहेत. आपल्याला या भाषा येतात, ही गावे ठाऊक आहेत. चारही महाविद्यालयांच्या अधिष्ठात्यांना भेटून निदान एका तुकडीसाठी, निदान दहा कुटुंबांपुरता हा प्रयोग करा, असे विनंतीपत्र शाळेच्या वतीने द्यावे, अशी माझी सूचना आहे. मसुदा मी बरोबर आणला आहे. सभेनंतर तो पाहावा, खोडावा, सुधारावा.