फ्रेडी मर्क्युरी : पियानोपासून व्यासपीठापर्यंत

रॉक संगीतातील वाद्यवृंदाचा प्रमुख गायक म्हणजे केवळ गळ्याचा धनी नव्हे. हजारोंच्या समुदायाला आपल्याबरोबर गावयास लावणे, हे त्याचे खरे कार्य होय. ‘क्वीन’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या फ्रेडी मर्क्युरीने ते ज्या सामर्थ्याने केले, त्याला तोड सापडणे कठीण. तथापि हे सामर्थ्य केवळ उपजत नव्हते; त्यामागे दीर्घ परिश्रम होते.

त्याचे मूळ नाव फर्रोख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार येथे पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. शिक्षणासाठी त्याला लहानपणीच पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडण्यात आले. तेथे तो पियानो शिकला आणि सोबत्यांच्या ‘हेक्टिक्स’ या वाद्यवृंदात सामील झाला. परंतु तेथे प्रमुख गायक दुसराच होता. फ्रेडी पियानो वाजवीत असे.

१९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली व कुटुंबाने इंग्लंड गाठले. ईलिंग येथे कलाशिक्षण घेतल्यानंतर १९७० साली ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासह त्याने ‘क्वीन’ची उभारणी केली, पुढील वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला. १९७५ चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे त्याने रचलेले गीत जवळजवळ सहा मिनिटांचे. एवढे लांब गाणे रेडिओवर कोण लावणार, अशी शंका घेतली गेली. परंतु आवाजावर आवाज चढवून, ऑपेराचा बाज देऊन सिद्ध केलेले हे गीत ब्रिटनमध्ये नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले.

१३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली क्रीडांगणावर कार्यक्रम झाला. वाट्याला आलेल्या सुमारे वीस मिनिटांत त्याने स्वरामागून स्वर फेकावा आणि अफाट समुदायाने तो जसाच्या तसा परत करावा, असे दृश्य तेथे दिसले.

एरवी हा माणूस संकोची होता. एड्सने शरीर खंगत असताना त्याने व्याधीची वाच्यता केली नाही. ध्वनिमुद्रण मात्र चालूच ठेवले. ‘मदर लव्ह’ या गीताचे शेवटचे कडवे त्याच्याकडून राहून गेले. ते ब्रायन मे याने गायिले. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले. नाव बदलले, देश बदलला, तरी जन्माचा धर्म अखेरीस सोबतीला होता. आणि देह थकला, तरी स्वराची साधना सुटली नव्हती.